डिकीपर्यंत न पोचणारे व्होल्ट

हौसेने गाडीत ॲम्प्लिफायर आणि वूफर बसवून घ्यावा, चार महिने झकास वाजावा, आणि मग एके दिवशी आवाज वाढवला की ठेक्यागणिक हेडलाइट मिणमिणायला लागावेत, ॲम्प मध्येच बंद पडून पुन्हा सुरू व्हावा. दुकानात गेलात की ऐकायला मिळतं, "ॲम्प गेला, नवा टाका." माझं कळकळीचं सांगणं आहे, आधी मल्टिमीटर लावा.

इंजिन बंद असताना पूर्ण चार्ज बॅटरी साधारण 12.6 व्होल्ट दाखवते. इंजिन चालू केलं की बहुतेक गाड्यांत 13.8 ते 14.4. बॅटरीवर हे ठीक असेल तर डिकीत ॲम्पच्या टर्मिनलवर मोजा, तेही गाणं मोठ्याने चालू ठेवून. ॲम्प गप्प असताना सगळं उत्तमच दिसतं. करंट खेचला जाऊ लागला की खोट उघडी पडते. बॅटरीवर 13.8 आणि ॲम्पवर 11.5 आले, तर उरलेले व्होल्ट वाटेत वायर आणि जोड तापवण्यात जात आहेत.

कुठे? बहुधा अर्थिंगमध्ये. मीटरची एक वायर लांब करून बॅटरीच्या निगेटिव्हला लावा, दुसरी ॲम्पच्या ग्राउंडला. गाणं चालू असताना अर्धा व्होल्ट दिसला तरी बॉडीला लावलेला बोल्ट खोला. वायरच्या टोकाच्या लगखाली पुष्कळदा गाडीचा रंग तसाच असतो, आणि रंगातून वीज जात नाही. पत्रा चकचकीत होईपर्यंत पॉलिश पेपरने घासा, लग घट्ट आवळा, वरून ग्रीस लावा. कोकणातल्या दमट हवेत हा जोड दर पावसाळ्यानंतर पाहावाच. 50 अँपिअर करंट आणि जोडात ओहमच्या पन्नासाव्या भागाएवढा रोध, एवढ्यावर एक पूर्ण व्होल्ट जातो.

ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून चढत जाणारी शीळ येते, तिचंही मूळ अनेकदा याच अर्थिंगमध्ये सापडतं.

फ्यूज वारंवार उडत असेल तर मात्र मोठा फ्यूज टाकू नका. फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो, तीही त्याच्या पुढची. बॅटरीपासून फ्यूजपर्यंतच्या वायरच्या तुकड्याला कसलंच संरक्षण नसतं. तो बॉडीला घासून सोलला तर आग लागू शकते. उद्या बोनेट उघडा आणि बॅटरी ते फ्यूज हे अंतर पाहा. अर्ध्या मीटरहून जास्त असेल, तर गाणी नंतर लावा. आधी फ्यूज बॅटरीजवळ आणून घ्या.