मशीनचा आकडा खरा कशावरून?

 

अलीकडे आमच्या बैठकांमध्ये कर्ज आणि हप्त्यांच्या जोडीला एक विषय हमखास निघतो, तो म्हणजे बीपीचं मशीन. कुणाच्या लेकानं ऑनलाइन मागवलंय, कुणी शिबिरात विकत घेतलंय. एका ताईंना अशाच एका शिबिरात बीपी १६० सांगितलं. त्यांनी मीठ सोडलं, काळजीनं झोप उडाली. मग आशाताईंनी आरोग्य केंद्रात नेलं, तिथं दोनदा मोजलं, तर १२८. ही चूक उलटी झाली तर जास्त वाईट. गरोदर बाईचं बीपी १४०/९० च्या वर गेलंय आणि मशीन १२० दाखवतंय, तर आपण तिला घरीच ठेवू. डोकं दुखतंय, पाय सुजलेत, तरी ‘होतं असं’ म्हणू. तिथं जिवावर बेततं.

वाण्याच्या काट्यावर वजनमाप खात्याचा शिक्का आहे का, हे आपण बघतो. तुरीचा काटा मारला तर भांडतो. मग आपल्या दंडाला बांधायच्या मशीनवर कुणाचा शिक्का आहे, हे विचारायला नको का?

असं एखादं उपकरण बाजारात येण्याआधी काय काय होतं, याचं उदाहरण आपल्या पुण्यातलं आहे. २०२० साली कोरोना आला तेव्हा तपासणीची किट बाहेरच्या देशांतून येत होती. पुण्याच्या मायलॅब या कंपनीत मीनल दाखवे-भोसले या विषाणूतज्ज्ञ होत्या. त्या गरोदर होत्या, आणि त्यातच त्रास होऊन दवाखान्यात राहून आल्या होत्या. तरी फेब्रुवारीत त्यांनी काम हाती घेतलं. एरवी तीन-चार महिने लागणारं काम त्यांच्या गटानं सहा आठवड्यांत पुरं केलं. त्यांचा कस साधा होता. एकच नमुना दहा वेळा तपासला तर दहाही वेळा उत्तर तेच आलं पाहिजे.

पण त्यांचं उत्तर त्यांनीच खरं म्हणून चालत नाही. १८ मार्चला किट पुण्याच्याच राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडे, म्हणजे एनआयव्हीकडे, तपासायला दिलं. दुसऱ्या दिवशी मीनलताईंना मुलगी झाली. किट तपासणीत उतरलं, आणि मग केंद्राच्या औषध नियंत्रण खात्यानं विक्रीची परवानगी दिली. देशावर एवढी घाई असतानाही दुसऱ्यानं तपासायची पायरी कुणी गाळली नाही. ही गोष्ट आपण लक्षात ठेवायची.

यासाठी कायदा आहे. ‘वैद्यकीय उपकरण नियम २०१७’ हे १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले, आणि १ एप्रिल २०२० पासून सगळीच वैद्यकीय उपकरणं औषधांसारखी कायद्याखाली आली. त्यात तपासणीचं सॉफ्टवेअरही आलं. धोका पाहून चार वर्ग केलेत. जीभ दाबून घसा बघायची पट्टी सगळ्यात खालच्या ‘ए’ वर्गात, इंजेक्शनची सुई ‘बी’त, व्हेंटिलेटर ‘सी’त, हृदयात बसवायची झडप ‘डी’त. जितका धोका मोठा, तितकी तपासणी कडक. बनवणाऱ्या इंजिनिअरला आधीच लिहून काढावं लागतं की हे वापरणार कोण आणि कुठं कुठं चुकू शकतं. सेल उतरला तर? पट्टा दंडाला लहान पडला तर? उन्हात आकडा दिसला नाही तर? प्रत्येकावर उपाय करून तो चालतो का, याचा पुरावा ठेवावा लागतो.

याचा अर्थ आकडा कधीच चुकत नाही असा नाही. घरच्या साखरेच्या मशीनचं जगभरचं मानक असं आहे की साखर १०० किंवा वर असेल, तर १०० पैकी किमान ९५ वेळा फरक १५ टक्क्यांच्या आत असावा. म्हणजे खरी साखर २०० असेल तर चांगलं मशीनही १७० ते २३० मधलं काहीही दाखवू शकतं. म्हणून एका आकड्यावरून गोळी सुरूही करायची नाही, बंदही करायची नाही. डॉक्टरांना दाखवायचं.

आता मशीन घेताना काय बघायचं ते सांगतो. खोक्यावर बनवणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता हवा, बॅच नंबर हवा आणि परवाना नंबर हवा. त्या नंबरात बहुतेक वेळा ‘एमडी’ ही अक्षरं असतात. माल बाहेरच्या देशातला असेल तर इथं आणणाऱ्याचं नाव, पत्ता हवा. साखरेच्या पट्ट्यांची मुदत बघा, डबी घट्ट लावा, आणि एका कंपनीच्या पट्ट्या दुसरीच्या मशीनमध्ये घालू नका. पावती घ्याच.

बीपी मोजताना पाच मिनिटं टेकून बसा. त्याआधी अर्धा तास चहा आणि तंबाखू नको. पट्टा उघड्या दंडावर बांधा, हात छातीच्या उंचीवर टेकवा, बोलू नका. एक-दोन मिनिटांनी पुन्हा मोजा. आणि कधीतरी घरचं मशीन आरोग्य केंद्रात घेऊन जा, दोन्हींवर मोजून बघा.

मशीन चुकीचं दाखवतंय असं वाटलं तर आपण ते कपाटात टाकतो आणि गप्प बसतो. तसं करू नका. उपकरणांमुळं झालेल्या त्रासाची नोंद ठेवायला देशात ६ जुलै २०१५ पासून एक कार्यक्रम चालू आहे, त्याचं केंद्र गाझियाबादला आहे. १८००-१८०-३०२४ हा फुकटचा नंबर आहे. विक्रेत्याची तक्रार असेल तर जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे द्या. कारखान्यात बसलेल्या इंजिनिअरला माकणीतल्या बाईच्या दंडावर काय झालं, हे आपण कळवल्याशिवाय कसं कळणार? चार गावांतून सारखीच तक्रार गेली, तर ती खोट शोधायला सोपी जाते.

येत्या बैठकीत प्रत्येक गटानं एक काम करावं. ज्यांच्या घरी बीपीचं किंवा साखरेचं मशीन आहे त्यांनी ते खोक्यासकट आणावं, आणि शिकलेल्या पोरींनी परवाना नंबर आणि मुदत मोठ्यानं वाचून दाखवावी. ज्यावर काहीच लिहिलेलं नाही, त्याच्या आकड्यावर कुणी औषध ठरवू नये, आणि गरोदर बाईसाठी तर ते वापरूच नये.

पुढच्या वेळी पुन्हा भेटू. तोवर तब्येतीला जपा. नमस्कार.