ट्रेलर जोडताना मधे कोण उभं असतं?

(वडखळ, ता. पेण इथे ट्रेलरवर काम करणाऱ्यांच्या घरच्या बायकांसाठी झालेल्या शिबिरातील भाषणाचे शब्दांकन.)



ट्रेलर हा बायकांच्या शिबिराचा विषय कसा, असं सकाळपासून मला चौघींनी विचारलं. दारू, मारझोड, पोटगी, रेशन, बचत गट हे आपले विषय, गाडी पुरुषांची. पण वडखळमध्ये राहून ट्रेलर टाळता येतो का? मुंबई-गोवा रस्ता इथून जातो, अलिबागचा फाटा इथेच फुटतो. शेजारी डोलवीचा पोलाद कारखाना. १९८९ साली न्हावा-शेवाचं बंदर सुरू झालं आणि या जिल्ह्याच्या रस्त्यांवर कंटेनरच्या गाड्या आल्या. तुमच्या दारासमोर ट्रेलर उभा असतो, पोरं त्याच्याखाली लपाछपी खेळतात, घरचा माणूस त्यावर ड्रायव्हर नाहीतर क्लीनर असतो, आणि टपरीवर चहा प्यायला येतो तोही ट्रेलरवालाच. मग या गाडीचं काय कुठे अडकतं आणि काय सुटलं की माणूस मरतो, हे बाईला ठाऊक नसावं असं कुणी ठरवलं?

मी समाजकार्याची पदवी घेतली तेव्हा समुपदेशन शिकले, कायदा शिकले, गटबांधणी शिकले. किंगपिन हा शब्द अभ्यासक्रमात नव्हता. तो मी इथल्या बायकांच्या केसेस करताना, ड्रायव्हरदादांना विचारून विचारून शिकले.

त्यातली एक केस सांगते, नाव-गाव न घेता. एक क्लीनर, पंचविशीतला. ट्रेलर जोडताना हॉर्स आणि ट्रेलर यांच्यामध्ये चिरडला. बायको माझ्याकडे आली तेव्हा कडेवर दीड वर्षांचं मूल होतं. गाडीमालक तिला म्हणाला, "तो मधे गेलाच कशाला? त्याचीच चूक." सासरचेही तेच म्हणायला लागले. पंचनाम्यात एक वाक्य होतं: ट्रेलर अचानक सरकला. संपलं. ती बाई मला म्हणाली, "ताई, तो मधे कशाला गेला असेल हो?" नवरा नेमकं काय काम करत होता हे तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. तिने विचारलं असतं तर 'तुला काय कळतंय' हे उत्तर ठरलेलं.

तर तो मधे कशाला गेला, हे समजून घेण्यासाठी गाडीच समजून घेऊ.

ट्रेलरच्या गाडीचे दोन तुकडे असतात. पुढे केबिन आणि इंजिन असलेला हॉर्स. मागे लांबलचक ट्रेलर, ज्याला पुढच्या बाजूला चाकंच नसतात. त्याचं पुढचं वजन हॉर्सच्या पाठीवर टेकतं. हॉर्सच्या पाठीवर एक जाड लोखंडी ताट असतं, मागच्या बाजूने खाच असलेलं, ग्रीसने माखलेलं. त्याला फिफ्थ व्हील म्हणतात, पाचवं चाक. हे नाव घोडागाडीच्या काळातलं. चार चाकांच्या बग्गीत पुढचा आस वळावा म्हणून त्यावर एक आडवं चाक बसवत, ते पाचवं. ट्रेलरच्या पोटाखाली एक खुंटा असतो, तो किंगपिन. साधारण दोन इंच जाडीचा, काही गाड्यांना साडेतीन इंची. हॉर्स मागे घेतला की खुंटा खाचेत शिरतो आणि ताटातले जबडे त्याला धरतात. तुम्ही बैलगाडी जुंपलेली पाहिली आहे. जू नीट बसलं नाही तर बैल पुढे आणि गाडी मागे. तसंच हे. फरक वजनाचा. २०१८ च्या नियमांनंतर अशी मोठी गाडी मालासकट ५५ टनांपर्यंत भरता येते, आणि ते सगळं त्या एका खुंट्याला धरून वळतं, चढतं, उतरतं.

आता जोडायची पद्धत. यातलं पहिलं काम ट्रेलरच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावणं. ट्रेलरचे ब्रेक हवेवर चालतात. नव्या ट्रेलरांना स्प्रिंगचे ब्रेक असतात, हवा गेली की स्प्रिंग चाक आवळते. पण जुन्या ट्रेलरला स्प्रिंग नसते, टाकीतल्या हवेनेच चाक आवळलेलं राहतं आणि रात्रभरात ती हवा हळूहळू गळते. संध्याकाळी घट्ट उभा असलेला ट्रेलर सकाळी नुसत्या जमिनीच्या भरवशावर उभा असतो. म्हणून ठोकळा. लाकडाचा एक ठोकळा, फुकटात मिळणारा. तरी दहा गाड्या बघा, किती जणांकडे धड ठोकळा आहे ते मोजा. दगड लावतात, तो घरंगळतो.

मग उंची. ट्रेलर त्याच्या लोखंडी पायांवर उभा असतो. पायाचं हँडल फिरवून तो वरखाली करता येतो. ट्रेलरचा पुढचा पत्रा हॉर्सच्या ताटापेक्षा किंचित खाली हवा, म्हणजे हॉर्स मागे येताना पत्रा ताटावर चढतो आणि थोडा उचलला जातो. ट्रेलर उंच राहिला तर खुंटा जबड्यात नीट उतरतच नाही. वरच्या वर अडकतो, आवाजही येतो, ड्रायव्हरला वाटतं जोडला. आणि मग वळणावर नाहीतर खड्ड्यात हॉर्स पुढे जातो नि ट्रेलर रस्त्यावर बसतो. आपल्या या रस्त्याला खड्ड्यांची काय कमतरता? पळस्पे ते इंदापूर रुंदीकरण २०११ साली सुरू झालं, पुढचं तुम्हीच भोगलंय.

हॉर्स सरळ रेषेत, अगदी हळू मागे घ्यायचा. मागे घेताना मधे कुणी नाही, बाजूलाही नाही. जो हात दाखवतो त्याने ड्रायव्हरला आरशात दिसेल असं लांब उभं राहायचं. तो दिसेनासा झाला की ड्रायव्हरने थांबायचं. खट् आवाज आला की ट्रेलरचे ब्रेक लागलेले ठेवून, लहान गिअरमध्ये हॉर्सला पुढे हलकासा हिसका द्यायचा. ट्रेलर सुटला नाही तर पुष्कळ झालं, पण पुरेसं झालं नाही. आता हॉर्सचा हँडब्रेक लावायचा, इंजिन बंद करायचं, किल्ली खिशात घालायची. मग खाली उतरून, बॅटरी घेऊन, वाकून बघायचं. ताट आणि ट्रेलरचा पत्रा यांच्यामध्ये उजेड दिसता कामा नये. जबडा खुंट्याच्या मानेभोवती पूर्ण मिटलेला हवा. बाजूचा दांडा आत गेलेला हवा आणि त्याची खीळ लागलेली. डोळ्यांनी बघायचं. आवाजावर विश्वास ठेवायचा नाही.

यानंतर हवेच्या नळ्या. आणि इथे आपली ती केस येते.

लाल नळी आणि पिवळी नळी, शिवाय दिव्यांची वायर. या जोडायच्या कुठे? हॉर्सच्या केबिनच्या पाठीमागे, ट्रेलरच्या तोंडापुढे. म्हणजे नेमकं दोघांच्या मधे! ते काम मधे गेल्याशिवाय होतच नाही. "मधे गेलाच कशाला" याचं उत्तर हे आहे, बायांनो. तो मालकाचं काम करायला गेला.

आणि धोका असा की लाल नळी जोडली की ट्रेलरला हवा मिळते, आणि हवा मिळाली की ट्रेलरचे आवळलेले ब्रेक सुटतात. ट्रेलरचा स्वतःचा पार्किंग ब्रेक लावलेला नसेल, हॉर्सचा हँडब्रेक ओढलेला नसेल आणि चाकाखाली ठोकळा नसेल, तर ती सगळी गाडी उतार असेल तिकडे चालू लागते. केबिनमध्ये कुणी नाही, माणूस मधे. परदेशातही ट्रेलरवाले असे मेलेत, हे काही वडखळचंच नाही. दुसरा प्रकार म्हणजे नळ्या जोडायला क्लीनर मधे शिरलेला असताना ड्रायव्हर हॉर्स हलवतो. किल्ली जोडणाऱ्याच्या खिशात असेल तर हे होऊ शकत नाही.

म्हणून पंचनाम्यातल्या त्या 'अचानक' शब्दाला मी हरकत घेते. वजनदार वस्तू अचानक सरकत नसते. हँडब्रेक लागला होता का? ठोकळे होते का? केबिनमध्ये कोण होतं? किल्ली कुठे होती? जमीन उताराची होती का? हे पाच प्रश्न पंचनाम्यात यायला हवेत. पोलीस आपणहून लिहीत नाहीत, गाडी तासाभरात हलवली जाते, आणि रडणाऱ्या बाईला बाजूला बसवतात. तिच्या सोबत गेलेल्या बाईला हे प्रश्न पाठ असले पाहिजेत. मोबाइल आहेत आता सगळ्यांकडे. चाकांचे, दांड्याचे, नळ्यांचे फोटो काढून ठेवा.

भरपाईचं थोडक्यात सांगते, कारण तो भाग दुपारी वकीलताई घेणार आहेत. १९२३ सालचा नुकसानभरपाईचा कायदा होता, तो आता सामाजिक सुरक्षा संहितेत आला आहे; ही संहिता २०२० ची, लागू झाली २१ नोव्हेंबर २०२५ ला. कामावर असताना मृत्यू आला तर 'त्याने सूचना पाळली नाही', 'प्यायलेला होता' हे बचाव मालकाला चालत नाहीत. ते जुन्या कायद्यातही मृत्यूच्या दाव्यात चालत नव्हते. रक्कम निम्म्या मासिक पगाराला वयाच्या आकड्याने गुणून काढतात, वय कमी तितका आकडा मोठा. मोटार वाहन कायद्याखालीही दावा करता येतो, पण दोन्हीकडे नाही. एकच वाट धरावी लागते, तेव्हा कुठली ते वकिलांना विचारून ठरवा आणि वेळ घालवू नका. खरी लढाई असते ती 'तो आमच्याकडे कामालाच नव्हता' या वाक्याशी. क्लीनरला नेमणुकीचं पत्र नसतं, हजेरी नसते, ड्रायव्हर स्वतःच्या भत्त्यातून त्याला पैसे देतो. म्हणून गेटपास, वजनकाट्याची चिठ्ठी, मोबाइलवर आलेले पैसे, काहीही फेकू नका. पिठाच्या डब्यात ठेवा, पण ठेवा.

आता मला ड्रायव्हर-क्लीनरच्या बाजूनेही बोललं पाहिजे, नाहीतर आपण घरी जाऊन नवऱ्यालाच झापू. ठोकळा का लावत नाहीत? आळस म्हणून? थोडा असेलही. पण खेपेवर पैसे मिळतात. रांगेत नंबर गेला तर दिवस गेला. रात्री दोनला झोपलेल्या माणसाला उठवून जोड म्हणतात. वाकून बघायला दोन मिनिटं लागतात, आणि ती दोन मिनिटं कुठल्याही शेटच्या हिशोबात नसतात. क्लीनरला शिकवतं कोण? उस्ताद. कसं? शिव्या घालून. पोरगा विचारायला घाबरतो. बाईला 'तुला काय कळतंय' म्हणणारी व्यवस्था आणि क्लीनरला लाथ घालून शिकवणारी व्यवस्था मला तरी वेगळी दिसत नाही.

सोडतानाचं राहिलं. ते तुमच्या पोरांसाठी महत्त्वाचं आहे. आपल्याकडे रस्त्याकडेची जमीन म्हणजे बहुतेक खार जमिनीवर टाकलेला भराव. पावसाळ्यात तो पाव भिजावा तसा भिजतो. भरलेला ट्रेलर त्यावर सोडला तर लोखंडी पाय रुततात, कधी एकच रुततो आणि ट्रेलर कलतो. पायाखाली जाड फळी हवी. चाकांना ठोकळे, मग पाय टेकवायचे, मग नळ्या आणि वायर काढायची, मग दांडा ओढायचा. हॉर्स एकदम पळवायचा नाही. थोडा पुढे घेऊन, ट्रेलर पायांवर नीट उभा राहिला हे बघून मगच बाहेर काढायचा. रुतलेल्या पायाचा ट्रेलर दारासमोर दिसला तर ड्रायव्हरला हटकायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. रहदारीला धोका होईल अशा जागी गाडी सोडायला मोटार वाहन कायद्याच्या १२२ व्या कलमाने मनाई आहे. आणि सुटा ट्रेलर ही खेळायची जागा नव्हे, हे पोरांना आजच सांगा.

मघाशी मागच्या रांगेतल्या दोघींनी विचारलं की मुलींना हे लायसन मिळतं का. मिळतं. वय वीस पूर्ण, हलक्या वाहनाचं लायसन निदान एक वर्ष जुनं, डॉक्टरचा दाखला. आठवी पासची अट होती, ती २०१९ साली गेली. शाळा सुटलेल्या मुलींसाठी ही मोठी गोष्ट आहे. आपल्या नंदुरबारच्या योगिता रघुवंशी नवरा गेल्यावर ट्रक चालवायला लागल्या आणि देशभर माल नेला. २०२३ साली एसटीच्या स्टिअरिंगवर बायका आल्या. अडचण दांडा ओढायच्या ताकदीची नाही. ग्रीस नीट असेल तर दांडा ओढला जातो, आणि सुकलेल्या ताटाचा दांडा पुरुषालाही ओढत नाही, तो पहारीने ओढतो. अडचण आहे ती रात्री गाडी लावायच्या सुरक्षित जागेची, आणि संडासाची. पनवेलपासून इथपर्यंत ट्रेलर थांबतात तिथे बाईसाठी सोय कुठे आहे, याची यादी आपल्या गटाने करायला घ्यावी असं मला वाटतं. दोन पानंही भरणार नाहीत.

चहा झाला की आपण बाहेर जाणार आहोत. नाक्यापलीकडे एक रिकामा ट्रेलर उभा आहे, त्याच्या ड्रायव्हरदादांनी होकार दिला आहे. दोन बॅटऱ्या आणल्यात. आधी चाकांना ठोकळे आहेत का ते लांबून बघू, किल्ली दादांकडून मागून घेऊ, ती या मावशींच्या कमरेच्या पिशवीत राहील. मगच एकेकीने वाकून जबडा बघायचा. पोरांना इथेच ठेवा.