पाचटाचा कोळसा आणि नियोजनाचा प्रश्न

(सोलापूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेले भाषण)



गळीत हंगाम ओसरू लागला की सोलापूर जिल्ह्यात संध्याकाळी शेताशेतांतून ज्वाळा उठतात. 1980 साली उजनी धरण पूर्ण झाले, ज्वारीच्या या जिल्ह्यात ऊस पसरला आणि उसामागोमाग पाचट आले. हेक्टरी साधारण दहा टन पाचट शेतात उरते. खोडव्याला वाट मोकळी करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे काडेपेटी. पाचट पेटविणाऱ्या शेतकऱ्याला अडाणी ठरविणाऱ्यांनी, ते गोळा करण्याची मजुरी कोण देणार, याचे उत्तर प्रथम द्यावे.

हा धूर टाळता येतो, हे महाराष्ट्रातच सिद्ध झाले आहे. डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने 1996 साली पुण्यात स्थापन झालेल्या 'आरती' या संस्थेने पाचटापासून कोळसा करणारी भट्टी तयार केली. 2002 साली तिला त्यासाठी इंग्लंडमधील ॲश्डेन पुरस्कार मिळाला. बंद पिंपात पाचट भरून ते बाहेरून तापवावयाचे. आत हवा नसल्याने ते पेट घेत नाही, त्याचे विघटन होते. निघणारा वायू भट्टीतच जळून पुढची उष्णता पुरवितो. वजनाच्या सुमारे पाव ते तिसरा हिस्सा कोळसा हाती येतो. पुरस्काराला वीस वर्षे उलटून गेली; पाचट अजून जळतेच आहे.

दरम्यान प्रश्नाचे परिमाण वाढले. 2018 साली संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक तज्ज्ञ मंडळाने, मातीत मिसळलेल्या कोळशाची गणना हवेतील कर्ब काढून घेण्याच्या मार्गांत केली. पाचट कुजले तर त्यातील बहुतेक कर्ब काही वर्षांत हवेत परततो. कोळशाच्या रूपाने त्याचा मोठा भाग शेकडो वर्षे मातीत राहू शकतो. असा एक टन कोळसा ढोबळमानाने दोन टन कार्बन डायऑक्साइड अडवून ठेवतो. त्याच कोळशाच्या कांड्या चुलीत घातल्या तर सरपण वाचते, पण कर्ब पुन्हा हवेत जातो. हे दोन हिशेब एकाच वहीत मांडणे ही फसवणूक होय.

सरकारी धोरण मात्र कोणाकडे पाहते? 2021 साली केंद्राने औष्णिक वीजकेंद्रांना दगडी कोळशाबरोबर जैवभाराच्या गोळ्या जाळण्याचे बंधन घातले. सोलापूरजवळ फताटेवाडीला 1320 मेगावॅटचे केंद्र आहेच. 2023 साली कर्ब-पतपत्रांच्या व्यापाराची योजना अधिसूचित झाली. दोन्हीकडे दार उघडते ते शेकडो टनांचा व्यवहार करणाऱ्याला. कर्ब मोजून घेण्याचा आणि तो प्रमाणित करण्याचा खर्च दोन एकरांच्या शेतकऱ्याला झेपणारा नाही. पाचट त्याचे, पतपत्र मात्र दुसऱ्याचे, असा हा बेत आहे.

शिवाय शेतातील सारेच काही टाकाऊ नसते. उसाचे वाढे हा जनावरांचा चारा. तो विकून ऊसतोड कामगाराला चार पैसे मिळतात. तुराट्या आणि पऱ्हाट्या हे भूमिहीनाच्या चुलीचे सरपण. नियोजनकारांच्या तक्त्यात या सर्वांची नोंद 'उपलब्ध जैवभार' अशी होते! भट्टीवर हक्क सांगावा तो केवळ जळून जाणाऱ्या पाचटावर. ज्यांना ते कुट्टी करून शेतातच कुजविणे जमते, त्यांना भट्टीची सक्तीही नको.

सोलापूरच्या मातीचेही ऐकले पाहिजे. हा कोळसा अल्कधर्मी असतो. आम्ल जमिनीत तो पिकाला अधिक मानवतो. येथील काळी, चुनखडीयुक्त जमीन मुळातच अल्कधर्मी. त्यामुळे उत्पन्नवाढीची आश्वासने देण्यापूर्वी येथेच प्रयोग व्हावयास हवेत. कोरडवाहू शेतीच्या संशोधनाची 1933 पासूनची परंपरा या शहराला आहे.

मागणी साधी आहे. चार-पाच गावांमागे फिरत्या भट्ट्यांचा एक संच, त्याची मालकी शेतकरी आणि मजूर यांच्या सहकारी गटाकडे, आणि भांडवल जिल्हा नियोजनाच्या निधीतून. पतपत्रे काढावयाची तर ती गटाच्या नावे, आणि मोजणीचा खर्च शासनाचा. 1977 च्या रोजगार हमी कायद्याने महाराष्ट्राने कामाचा हक्क मान्य केला. दुष्काळात खडी फोडण्याला मजुरी देता येते, तर पाचट गोळा करण्याला का नाही, हा प्रश्न पुढचा हंगाम सुरू होण्याआधी जिल्हा नियोजन समितीला विचारावयाचा आहे.