पोलिओ गेला, पोलिओग्रस्तांचे काय?

(एका व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



पोलिओविरुद्धचा लढा आपण जिंकलो. वन्य पोलिओ विषाणूचा देशातील अखेरचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणित झाले. घरोघरी लस पोहोचविणाऱ्या लक्षावधी हातांचा हा विजय आहे. परंतु युद्ध संपले म्हणून युद्धात जायबंदी झालेले सैनिक संपत नाहीत. साठ आणि सत्तरच्या दशकांत ज्या बालकांना या आजाराने गाठले, ती आज पन्नाशी-साठीच्या उंबरठ्यावर किंवा त्यापलीकडे आहेत. त्यांची स्वतंत्र मोजदादही आपल्याकडे नाही. २०११ च्या जनगणनेने २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती नोंदविल्या. त्यांपैकी पोलिओमुळे अपंगत्व आलेले किती, हे त्या आकड्यांतून कळत नाही.

या पिढीसमोर आज एक नवे संकट उभे आहे. वैद्यकशास्त्र त्याला 'पोस्ट-पोलिओ सिंड्रोम' म्हणते. पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतील, स्नायूंना आज्ञा देणाऱ्या चेतापेशी नष्ट करतो. ज्या पेशी बचावतात, त्या नवे फाटे फोडून पोरक्या झालेल्या स्नायुतंतूंचा भार उचलतात. एका कर्त्या माणसाने चार घरांचा प्रपंच ओढावा, तसा हा प्रकार. तीस-चाळीस वर्षे हा भार वाहिल्यावर त्या पेशीही थकतात. मग नव्याने अशक्तपणा येतो. सांधे आणि स्नायू दुखतात. थोड्या श्रमानेही गळून गेल्यासारखे होते. थंडी सोसवत नाही. काहींना श्वास घेणे वा गिळणे जड जाते. विषाणू परत आलेला नसतो आणि हा विकार संसर्गजन्यही नाही. मात्र त्यावर हमखास औषध नाही. शक्ती जपून वापरणे, अधूनमधून विश्रांती घेणे, तज्ज्ञांच्या सल्ल्याने बेताचा व्यायाम करणे आणि योग्य साधनांचा आधार घेणे, हाच उपाय.

येथेच आपली गल्लत होते. आपण या मंडळींच्या जिद्दीचे पोवाडे गात आलो. 'कुबडी सोडून चालून दाखव' असे म्हणत त्यांना वाढविले. ज्याने आयुष्यभर कॅलिपर घालून जिने चढले, त्याने साठीत व्हीलचेअर मागितली की घरचेच म्हणतात, 'तू हार मानलीस!' वास्तविक स्नायूंना मर्यादेपलीकडे ताणण्याने या अवस्थेत नुकसानच होते. व्हीलचेअर ही त्यांची शरणागती नव्हे, ते उरलेल्या शक्तीचे शहाणपणाचे नियोजन आहे.

आपल्याकडे पोलिओचे काम उभे राहिले ते बालकांसाठी. फातिमा इस्माईल यांनी स्वतःच्या मुलीच्या आजारपणातून प्रेरणा घेऊन १९४७ मध्ये मुंबईत पोलिओग्रस्त मुलांसाठी उपचार केंद्र सुरू केले. ते ऋण मोठे आहे. पण ती मुले आता वृद्ध झाली. त्यांना उचलून घेणारे आई-वडील राहिले नाहीत. भावंडे स्वतःच थकली. अनेक भगिनी तर अविवाहित आणि एकट्या आहेत. त्यांना आश्रमात नेऊन ठेवले की आपली जबाबदारी संपली, असे आपण मानणार काय?

या प्रश्नाचे उत्तर एका पोलिओग्रस्ताच्याच चरित्रात सापडते. अमेरिकेतील एड रॉबर्ट्स यांना १९५३ मध्ये, चौदाव्या वर्षी पोलिओ झाला. मानेखालचे शरीर जवळजवळ निकामी, श्वासासाठी यंत्राचा आधार. तरीही १९६२ मध्ये त्यांनी बर्कली येथील विद्यापीठात प्रवेश मिळविला. पुनर्वसन खात्याने आरंभी त्यांना नोकरीस अपात्र ठरवून शिक्षणासाठी साहाय्य नाकारले होते. १९७५ मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या त्याच खात्याचे ते संचालक झाले. १९७२ मध्ये बर्कलीत आकारास आलेल्या स्वावलंबी जीवन केंद्राचे ते एक प्रणेते होते. या चळवळीचे सूत्र साधे आहे. स्वावलंबन म्हणजे सगळे स्वतःच्या हाताने करणे नव्हे. कोणाची मदत, केव्हा आणि किती घ्यायची, हे ठरविण्याचा अधिकार स्वतःकडे असणे म्हणजे स्वावलंबन. सदरा दुसऱ्याने घातला तरी चालेल. कोणता घालायचा, हे मी सांगेन!

आपला २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदाही समाजात राहण्याचा हक्क मान्य करतो. महाराष्ट्रात ग्रामपंचायतींनी आणि नगरपालिकांनी स्वनिधीतील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावयाची आहे. ती खरोखर खर्च होते काय, हे विचारणारा जागरूक नागरिक मात्र हवा.

मित्रहो, यासाठी भव्य वास्तू नकोत. आपल्या वस्तीत अशी माणसे कोण, याची यादी करा. घराचा उंबरठा, शौचालयातील कमोड, भिंतीचा कठडा, दारातील रॅम्प, एवढ्या बदलांनी एखाद्याचा दिवस सुकर होतो. पूर्वीपेक्षा अपंगत्व वाढले असेल तर जुन्या दाखल्याची फेरतपासणी करून घेण्यास सोबत जा. सकाळी दोन तास येणारा मदतनीस चार घरांनी मिळून नेमता येईल. त्याचे वेतन मात्र नियमित द्या, कारण उपकारावर टिकणारी मदत दुसऱ्या महिन्यात आटते. ज्येष्ठ नागरिकांच्या बैठका तळमजल्यावर घ्या. आणि हे सारे करण्यापूर्वी एक प्रश्न अवश्य विचारा, 'आपल्याला काय हवे आहे?' सेवेचा आरंभ या प्रश्नापासून होतो. तो न विचारता केलेली सेवा बहुधा करणाऱ्याच्याच समाधानासाठी असते.

दोन थेंबांसाठी आपण घरोघरी गेलो होतो. आता त्याच दारांवर पुन्हा एकदा थाप मारण्याची वेळ आली आहे. या वेळी लस नेऊ नका; थोडा वेळ आणि ऐकण्याची तयारी घेऊन जा.