मांडव उतरल्यावर उरतात ती नाती
(तीर्थपुरी येथील बैठकीतील भाषण)



शेतकरी लग्नात उधळतो म्हणून कर्जात बुडतो, असे शहरातले शहाणे सांगतात. मला ते मान्य नाही. मालाला खर्चाएवढा भाव मिळत नाही, हे कर्जाचे मूळ. लग्न साधे केल्याने कापसाचा भाव वाढणार नाही. तरीही आज साधेपणावर बोलतो, त्याचे कारण वेगळे आहे.

मी कृषी पदवीधर. नोकरीत होतो तेव्हा दिवाळीला घरात मिठाईचे डबे मावत नसत. नोकरी सोडली, डबे बंद झाले. त्या दिवाळीला एकच शेतकरी आला, गूळ-शेंगा घेऊन. त्याच्या तुरीवरची अळी मी कधीतरी पाहून दिली होती. बाकीचे खुर्चीचे होते, हा माझा होता.

जोतीराव फुल्यांचेच पाहा. सप्टेंबर 1873 मध्ये सत्यशोधक समाज निघाला आणि 25 डिसेंबरला भटजीवाचून, हुंड्यावाचून पहिले लग्न लागले. 1874 मध्ये हडपसरच्या ग्यानोबा ससाण्यांनी विरोध सोसून स्वतःचे लग्न त्याच पद्धतीने केले. पुढे 1888 मध्ये जोतीरावांना पक्षाघात झाला. हातचा पैसाही सरला होता. दत्तक मुलगा यशवंत विधवेच्या पोटचा. त्याला मुलगी कोण देणार? ससाण्यांनी आपली राधा दिली. 4 फेब्रुवारी 1889 ला लग्न झाले. असा व्याही हुंडा मोजून मिळत नसतो.

आणि आपण? एप्रिल 2017 मध्ये लातूर जिल्ह्यात एका शेतकऱ्याच्या पोरीने, बापाकडे लग्नाला पैसा नाही म्हणून, विहिरीत उडी घेतली. तिच्या बापाला कोणी साधेपणा शिकवू नये. गरिबाचा साधेपणा ही लाचारी असते. ज्याच्या उसाला कालव्याचे पाणी आहे, ज्याला डीजे परवडतो, त्याने आधी साधे लग्न करावे. म्हणजे गरिबाची मान खाली जाणार नाही.

पूर्वी सावड होती. आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या. तिथे आहेर कोणी मोजत नसे. कोण आले एवढेच लक्षात राही.

तेव्हा हुंडा नको, एक पंगत पुरे. रुसेल त्याला जाऊ द्या. पण जेवणानंतर जो मांडवाचे बांबू सोडायला थांबेल, त्याला नीट ओळखून ठेवा. पाऊस पडल्यावर पेरणीला तोच येणार आहे.