दोन सीटांची गाडी



मला माझ्या गाडीबद्दल दोन शब्द बोलायला सांगितलंय. आधीच सांगते, ती फेरारी नाही! ती गोव्यात बनलेली ‘सॅन स्टॉर्म’. फायबरची बॉडी, कापडी छत, दोनच सीट आणि रेनॉचं ११४९ सीसीचं इंजिन. ताकद साधारण ६० हॉर्सपॉवर, म्हणजे आजच्या बऱ्याच साध्या गाड्यांहूनही कमी.

ती बाजारात आली तेव्हा मी इंजिनियरिंगला होते. पुढे नोकरी, घराचे हप्ते, मुलांच्या शाळा. चारचाकी घेतली तीही सगळे मावतील अशीच. दोन सीटांची गाडी हिशेबात बसायला पंचेचाळिशी उजाडली.

जुनी गाडी सांभाळणं सोपं नाही. १५ वर्षांनंतर आरटीओत फिटनेस तपासणी, नोंदणीचं नूतनीकरण, वर पर्यावरण कर. फायबर गंजत नाही, पण खालच्या लोखंडाला मुंबईचा पावसाळा सोडत नाही. आणि मुलुंडहून घाटकोपरला जाताना एलबीएस रोडवर रिक्षाही पुढे निघून जाते!

लोक विचारतात, “या वयात कशाला?” माझ्या बाबांना काश्मीर पाहायचं होतं. “रिटायर झालो की जाऊ,” म्हणायचे. रिटायर होण्याआधीच गेले. आता शेजारच्या सीटवर आई बसते, डोक्याला स्कार्फ बांधून, आणि “जरा जोरात घे की” म्हणते.

कुणाची पेटी शिकायची राहिली असेल, कुणाचा ट्रेक. ‘नंतर’ची तारीख आजच ठरवा. पुढच्या भेटीत मला तुमची गोष्ट ऐकायची आहे.