बिनफवारणीच्या ओळीची साक्ष
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



आज सफरचंदाच्या बागेबद्दल बोलणार आहे. हसू नका. आपली सफरचंदाशी ओळख दवाखान्यात कुणाला भेटायला जाण्यापुरतीच, हे मलाही ठाऊक आहे. पण त्या फळातली अळी आपल्या बोंडअळीच्याच चालीची. कॉडलिंग मॉथ नावाचा पतंग पानावर, फळावर अंडी घालतो. अळी निघाली की थोड्याच वेळात फळ पोखरून आत. मग वरून कितीही औषध मारा, तिच्यापर्यंत पोचत नाही.

अमेरिकेत १८९२ साली शिसं आणि सोमल यांचं औषध निघालं, लेड आर्सेनेट. पुढं सफरचंदावर तेच चाललं. सालीवर थर बसवायचा, साल कुरतडणारी अळी मरायची. काही वर्षांनी कोलोरॅडोतल्या बागांत फवारण्या वाढल्या, तरी फळ किडकंच. अशा वेळी दोष कुणाच्या माथी येतो ते तुम्हाला सांगायला नको. डोस कमी पडला, पाणी कमी पडलं, फवारणी उशिरा झाली!

हफ नावाच्या कीटकशास्त्रज्ञानं कोलोरॅडोच्या आणि व्हर्जिनियाच्या अळ्या सारखंच औषध मारलेल्या फळांवर सोडल्या. कोलोरॅडोच्या अळ्या जास्त संख्येनं आत शिरल्या. हे १९२८ साली छापून आलं. औषध तेच, फळ तेच. अळी बदलली होती. महायुद्धानंतर डीडीटी आलं, थोड्याच वर्षांत तेही पचवलं. त्या जुन्या बागांच्या मातीत शिसं आणि सोमल आजही सापडतं.

आपल्याकडं १९८० नंतर पायरेथ्रॉइडं आली आणि हिरव्या बोंडअळीनं हाच धडा दिला. बीटीचं आणि गुलाबी अळीचं तर तुमच्या डोळ्यांदेखत झालं. २०१७ साली यवतमाळात फवारणी करता करता शेतकरी आणि मजूर विषबाधेनं दगावले. त्याच हंगामात बोंडं अळीनं पोखरली.

म्हणून कुणी प्रात्यक्षिकाला बोलावलं, की आधी विचारा, बिनफवारणीच्या ओळी कुठं आहेत? सगळंच रान फवारलं तर अळी औषधानं मेली की पावसानं धुऊन गेली, हे कळणार कसं? फवारणीनंतर अळी दिसली नाही म्हणजे औषध लागू पडलं, हा हिशेब मी मानत नाही.

यंदा प्रत्येक गावात दोघांनी एवढं करा. एकाच रानात, एकाच वाणाच्या कपाशीत एक पट्टा न फवारता सोडा. पट्टा रुंद ठेवा, कडेच्या ओळी मोजू नका, तिथं औषध उडून येतं. आठवड्याला दोन्हीकडची वीस-वीस हिरवी बोंडं, वेगवेगळ्या झाडांवरची, फोडून पाहा. गुलाबी अळी वरून दिसत नाही. विसात दोन बोंडं किडकी निघाली तर फवारणीची वेळ झाली, असं शास्त्र सांगतं. औषधाचं नाव, तारीख, पाऊस, आणि फवारणीला किती पैसे गेले, सगळं वहीत लिहा.

दुकानदारानं चिठ्ठीवर लिहून दिलेलं नाव नव्हे, डब्यावरचं नाव लिहा. पक्की पावती वहीलाच टाचून ठेवा. पुढच्या बैठकीला या वह्या घेऊन या, तालुकावार मांडू.